म्हाताऱ्या कुत्र्याचा तोल वारंवार जातोय? प्रत्येक वेळी काय तपासायचं, काय करायचं

रात्री पोटभर जेवून झोपलेला १३ वर्षांचा कुत्रा पहाटे उठतो आणि दोन पावलांत एका कुशीवर कोसळतो. उठायला जातो, परत त्याच बाजूला पडतो. मान वाकडी, एक कान खाली झुकलेला, बुबुळं लटलट हलतायत, लाळ गळतेय, मध्येच उलटी. घरात कुणी म्हणतं लकवा मारला, कुणी म्हणतं विष खाल्लं, आणि शेजारचे काका 'आता याचं काही खरं नाही' म्हणून मोकळे होतात.

सगळ्यात जास्त नुकसान काकांचं वाक्य करतं. दृश्य भयंकर असतं हे खरं, पण म्हाताऱ्या कुत्र्यात असा झटका येण्याचं नेहमी आढळणारं कारण मेंदूत नसून कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेत असतं. ती यंत्रणा एका बाजूने अचानक बंद पडते, का पडते ते बऱ्याचदा कळतही नाही, आणि २ ते ३ आठवड्यांत कुत्रा पुन्हा चालायला लागतो. पशुवैद्यक याला 'व्हेस्टिब्युलर सिंड्रोम' म्हणतात. अडचण अशी की मेंदूतली गाठ, रक्ताची गुठळी, कानाचा जुना संसर्ग, थायरॉइड, गोचीडताप आणि घरातल्याच काही गोळ्या हुबेहूब असंच चित्र उभं करतात. त्यामुळे पहिल्या वेळी घाबरून निर्णय घेणं जितकं चूक, तितकंच दुसऱ्या-तिसऱ्या वेळी 'मागच्यासारखंच आहे, उतरेल' म्हणून घरी थांबणंही चूक.

नेमकं बिघडतं काय

कानाच्या अगदी आत, कवटीच्या हाडात, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं हललं की त्यांतला द्रव हलतो आणि डोकं कुठे वळलं याची खबर नसेवाटे मेंदूला जाते. डाव्या-उजव्या कानाच्या खबरा तराजूच्या दोन पारड्यांसारख्या जुळल्या तर सगळं स्थिर दिसतं. एका कानाकडून खबर येणं थांबलं की कुत्रा निपचित पडलेला असतानाही मेंदूला वाटतं, आपण गरगर फिरतोय. नाशिकला कालिकेच्या यात्रेत गोल पाळण्यातून उतरल्यावर पहिल्या मिनिटाला जे होतं, ते या कुत्र्याला सलग दोन दिवस होत असतं. उलटी, लाळ आणि जेवणाकडे पाठ फिरवणं हे त्या गरगरण्याचंच रूप आहे, पोट बिघडल्याचं नाही.

बरा कसा होतो? बंद पडलेला कान दर वेळी सुधारतोच असं नाही. मेंदू त्या बाजूची खोटी खबर बाजूला ठेवायला शिकतो आणि डोळ्यांना काय दिसतं, तळपायांना काय लागतं, यावर तोल सांभाळू लागतो. म्हणून अशा कुत्र्याला अंधारात आणि गुळगुळीत फरशीवर ठेवलं तर त्याच्या उरलेल्या दोन्ही काठ्या आपणच काढून घेतो. शुश्रूषेचा अर्धा भाग या एका गोष्टीतून आपोआप कळतो.

पहिली दहा मिनिटं

आधी त्याला जमिनीवरच, भिंतीच्या कोपऱ्यात जाड गोधडीवर ठेवा आणि अंगाला अंग लावून बसा. उचलून कडेवर घेऊ नका. पायाखालची जमीन सुटली की गरगरणं वाढतं आणि एरवी शांत असणारा कुत्राही चावू शकतो. कुत्रा रस्त्यावरचा असेल किंवा रेबीजची लस झाली आहे की नाही हे माहीत नसेल, तर तोंडात हात घालू नका. लडखडणं, गिळता न येणं, भुंकण्याचा आवाज बदलणं, ही लक्षणं एकत्र असतील तर आधी माणसांना दूर करा. चावा किंवा लाळेचा ओरखडा झाला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुऊन लगेच लसीसाठी जा.

मग ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा डाग २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढुरक्या किंवा खडूसारख्या असतील तर हे तोलाचं प्रकरण नाही. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात म्हातारपणी प्लीहेची गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो, आणि कुत्रा असाच अचानक कोसळतो. तिथे पुढचं काही वाचत बसू नका, निघा.

हिरड्या ठीक असतील तर नावाने हाक मारा. कानातला बिघाड असलेला कुत्रा घाबरलेला असतो पण शुद्धीत असतो: हाकेला कान हलवतो, शेपूट हलवायचा प्रयत्न करतो, तुमच्याकडे बघायला धडपडतो. हाकेला काहीच उत्तर नसेल, नजर शून्यात असेल, डोकं भिंतीला टेकवून दाबत असेल, तर शंका मेंदूची.

आता मोबाईल काढा. हे काम औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत डोळ्यांची हालचाल मंदावलेली असू शकते. डोळ्यांचा जवळून ३० सेकंदांचा व्हिडिओ घ्या: आधी डोकं सरळ असताना, मग कुत्रा कुशीवर असताना. बुबुळं एका बाजूला हळू सरकतात आणि दुसरीकडे झटक्याने परत येतात. कानाच्या बिघाडात हा झटका आडवा किंवा गोलसर फिरता असतो, त्याची दिशा बदलत नाही, आणि तो दुखऱ्या बाजूच्या उलट असतो. म्हणजे डावा कान खाली झुकला असेल तर बुबुळं हळूच डावीकडे जाऊन झटक्याने उजवीकडे यायला हवीत. बुबुळं वरखाली उड्या मारत असतील, किंवा डोकं हलवल्यावर झटक्याची दिशा बदलत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा. ते मेंदूकडे बोट दाखवणारं चिन्ह आहे.

शेवटची परीक्षा पंजाची. कुणीतरी कुत्र्याला पोटाखालून आधार देऊन उभं धरावं, वजन पूर्ण सांभाळावं. तुम्ही एकेक पंजा उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा. निरोगी कुत्रा पंजा तत्काळ सरळ करतो. कानाचा बिघाड असलेला कुत्राही करतो, कितीही गरगरत असला तरी. पंजा तसाच उलटा राहिला, विशेषतः एकाच बाजूचे पुढचा-मागचा असे दोन्ही, तर मामला मेंदूचा किंवा मणक्याचा आहे. पुढचे दोन्ही पंजे ठीक, पण फक्त मागचे पाय फरफटतायत आणि मान सरळ आहे, डोळे स्थिर आहेत, तर तो तोलाचा नाही, मणक्याचा, कमरेचा किंवा अशक्तपणाचा प्रश्न आहे. अनेक लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि कमरेच्या दुखण्यावर चक्कर थांबवायची गोळी चालू होते.

जमलं तर गुदद्वारातून ताप घ्या. कुत्र्याचं शरीर माणसापेक्षा गरम, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे नॉर्मल. एप्रिल-मेच्या दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर बांधलेला कुत्रा लडखडत असेल आणि पारा १०४ च्या वर असेल तर तो उष्माघात आहे. नळाच्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा, आणि मगच गाडीत घाला.

डोसांचा घोळ: घरातलं कपाट आणि शेतातलं गोदाम

तोल जाण्याआधीच्या १५ दिवसांत काय काय पोटात गेलं, कानात गेलं, अंगावर लावलं, याची यादी करा. डॉक्टर विचारतील तेव्हा 'काही नाही' हे उत्तर तोंडावर येतं आणि ते बहुधा खरं नसतं.

पहिला आरोपी मेट्रोनिडाझोल. कुत्र्याला जुलाब झाले की घरातली माणसांची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. १० किलोच्या कुत्र्याला ती सकाळ-संध्याकाळ दिली तर दिवसाला प्रतिकिलो ८० मिलिग्रॅम होतात, आणि प्रतिकिलो ६० च्या वर गेलं की मेंदूच्या तोलाच्या भागाला विषबाधा होण्याचा धोका असतो. यकृत थकलेलं असेल किंवा गोळी बरेच दिवस चालली असेल तर याहून कमी मात्राही पुरते. यात बुबुळं अनेकदा वरखाली हलतात, म्हणजे चित्र थेट मेंदूच्या गाठीसारखं दिसतं. गोळी बंद केली की काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत कुत्रा सावरतो. स्कॅनसाठी मुंबईला पळण्याआधी एवढं एक विचारलं तरी खूप वाचतं.

दुसरा आयव्हरमेक्टिन. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे गोठा असलेल्या घरांत १ टक्क्याचं जनावरांचं इंजेक्शन पडलेलं असतं. त्यात प्रत्येक मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध, आणि १ मिलिलीटर ही ५० किलो वजनाच्या जनावराची मात्रा. तीच १० किलोच्या कुत्र्याला 'गोचीड झालेत' म्हणून टोचली की पाचपट डोस जातो. बुबुळाची बाहुली मोठी होते, दिसेनासं होतं, कुत्रा झिंगल्यासारखा चालतो. कोली आणि शेल्टी जातीत तर याहून कमी डोसही घातक ठरू शकतो. गोचिडांवर अंगाला लावायचं अमिट्राझ जास्त तीव्र झालं किंवा कुत्र्याने चाटलं तरी सुस्ती आणि लडखडणं येतं.

भांगेची गोष्ट लोक लपवतात, लपवू नका. महाशिवरात्र आणि रंगपंचमीच्या दिवसांत ठंडाईचं पातेलं किंवा भांगेची गोळी कुत्र्याच्या तोंडी लागते. काही तासांत तो डोलायला लागतो, नुसत्या स्पर्शाने दचकतो आणि उभ्याउभ्या लघवी गळते. हे तीन एकत्र दिसले तर डॉक्टरांना सरळ सांगा. विषाचं नाव कळलं की उपचार लवकर ठरतात.

आणि नाशिकची दोन मानाची पिकं. द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात: आधी उलट्या, मग मरगळ, लडखडणं. किती खाल्ले तर सुरक्षित, असा आकडा नाही. कांदा, कच्चा असो की भाजीतला, तांबड्या पेशी फोडतो आणि काही दिवसांनी हिरड्या फिकट पडून कुत्रा डगमगतो. छाटणीनंतर बागेत फवारणी चालू असताना मोकळा फिरणारा कुत्रा लाळ गाळत, अंगाला झटके देत, जुलाब करत आला तर कीटकनाशकाचा डबा, निदान त्याच्या लेबलचा फोटो, दवाखान्यात सोबत न्या.

कान: वारंवार होण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण

पहिला झटका विनाकारण असू शकतो. दुसरा त्याच बाजूला आला तर कान निर्दोष आहे हे सिद्ध होईपर्यंत त्याला दोषी धरा.

कुत्र्याच्या कानाची नळी इंग्रजी एल अक्षरासारखी वळते. आधी खाली, मग आत. त्यामुळे बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या कानात पडद्याजवळ पू साचलेला असू शकतो. लॅब्रेडोर, कॉकर यांचे लोंबते कान, श्रावणातली दमट हवा आणि गंगापूर धरणाच्या पाण्यातली डुबकी, एवढं यीस्ट नावाच्या बुरशीला पुरतं. महिनोन्महिने चाललेला बाहेरच्या कानाचा संसर्ग पडदा भेदून मधल्या कानात जातो आणि तिथून आतल्या. वाटेत चेहऱ्याची नस आणि डोळ्याकडे जाणारे तंतू लागतात. म्हणून मान वाकडी असतानाच त्याच बाजूचा ओठ लोंबतोय, पापणी मिटत नाहीये, किंवा डोळा आत गेल्यासारखा होऊन कोपऱ्यातला पांढरा पडदा वर आलाय, असं दिसलं तर मधला कान सामील आहे हे जवळपास धरून चालायचं. तोंड उघडताना ओरडणं, एका बाजूने चावणं, डोकं झाडणं, आंबूस वास, ही त्याआधीची लक्षणं असतात. ती 'म्हातारपण' म्हणून सोडून दिली जातात.

इथे सगळ्यात मोठी चूक घरीच होते. कानात कोमट तेल, लसणाचं तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा मागच्या वर्षीची उरलेली ड्रॉपची बाटली. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिन, निओमायसिन असलेले ड्रॉप आणि क्लोरहेक्सिडिन आतल्या कानात उतरून तोल आणि ऐकू येणं, दोन्ही कायमचं घालवू शकतात. ड्रॉप घातल्यानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तोल गेला असेल तर ती बाटली सोबत घेऊन जा. पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय कानात काहीही घालायचं नाही. स्वच्छ करायचंच असेल तर तेही डॉक्टर सलाइनने करतील. कान दुखरा असेल तर नीट बघण्यासाठी भूल लागते, आणि 'एवढ्यासाठी भूल कशाला' म्हणून इथेच बरेच जण मागे फिरतात. फिरू नका.

मधल्या कानाच्या संसर्गाला तोंडावाटे प्रतिजैविकं ६ ते ८ आठवडे द्यावी लागतात, आणि ती कानातल्या पुवाचं कल्चर (कुठला जंतू, त्याला कुठलं औषध लागू ते बघणारी तपासणी) करून ठरवलेली असली तर उत्तम. दहाव्या दिवशी मान सरळ झाली म्हणून गोळ्या थांबवल्या की दोन-तीन महिन्यांनी तोच झटका परत येतो. 'पुन्हा पुन्हा होतंय' अशा कित्येक तक्रारींचं मूळ एवढंच असतं: अर्धवट सोडलेला कोर्स. तरीही परत येत असेल तर सीटी स्कॅन, आणि हाडाच्या पोकळीत पू घट्ट बसला असेल तर शस्त्रक्रिया. साध्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही.

दवाखान्यात काय मागायचं

कान आणि नसांची तपासणी झाल्यावर म्हाताऱ्या कुत्र्यात निदान एवढ्या गोष्टी बघून घ्या. रक्तातली साखर: ६० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तेच कारण असू शकतं, आणि इन्सुलिनवर असलेल्या कुत्र्यात ही तपासणी सगळ्यात आधी. प्लेटलेटसह पूर्ण रक्ततपासणी आणि गोचीडतापाची चाचणी, कारण गोचीडतापाच्या एर्लिकिया या जंतूमुळे मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊन तोल जाऊ शकतो. पॉझिटिव्ह आला तर डॉक्सिसायक्लिन सहसा २८ दिवस. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि रक्तदाब: वरचा आकडा शांत बसल्यावरही सतत १६० च्या वर असेल तर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना धोका असतो, आणि त्यामागे मूत्रपिंड किंवा कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल जास्त होण्याचा आजार) असू शकतं. थायरॉइडमध्ये नुसता टी-४ हा हार्मोन कमी आला म्हणून गोळी सुरू करू नये, कुठल्याही आजारपणात तो खाली येतो. सोबत टीएसएच किंवा फ्री टी-४ हवा. वजन वाढलेलं, शेपटीचे केस गेलेले, थंडीत सतत उन्हात जाऊन बसणारा सुस्त कुत्रा असेल तर ही तपासणी टाळू नका. हे कारण गोळीने काही आठवड्यांत सुधारतं.

औषधं. मळमळीसाठी मारोपिटंट, इंजेक्शनची मात्रा प्रतिकिलो १ मिलिग्रॅम, २४ तासांतून एकदा. गरगरण्यासाठी मेक्लिझिन, मध्यम-मोठ्या कुत्र्याला साधारण २५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, लहानाला निम्मं, पहिले काही दिवस. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आजोबांच्या डब्यातली चक्करेची गोळी 'औषध तेच तर आहे' म्हणून देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल तर अजिबात नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. विनाकारण येणाऱ्या झटक्यात त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि कानात संसर्ग असेल तर ते तो वाढवू शकतं. बी-१२ ची सुई निरुपद्रवी आहे. तिसऱ्या दिवशी कुत्रा तसाही उठणार असतो, श्रेय सुईला जातं.

घरची शुश्रूषा

पहिले ४८ तास सगळ्यात वाईट असतात. बुबुळांची लटलट तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत थांबते, पाचव्या-सातव्या दिवशी तो आधाराशिवाय चार पावलं टाकतो. ७२ तासांत काडीचाही फरक नाही, किंवा आधी सुधारून पुन्हा खालावला, तर निदान चुकलंय असं समजून परत जा. कायमचं झोपवायचा विषय कुणी काढलाच तर हिरड्या, शुद्ध आणि पंजे ठीक असताना या ७२ तासांच्या आत त्याला उत्तर देऊ नका.

त्याची जागा एकाच खोलीत करा. शहाबादी खरखरीत असेल तर ठीक. चकचकीत टाइल्स असतील तर योगा मॅट किंवा रबरी पायपुसणी एकमेकांना चिकटवून पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत पट्टा करा. नुसती सतरंजी घालू नका, ती त्याच्यासकट सरकते. ज्या बाजूला तो पडतो तिकडे गादीची किंवा उशांची भिंत. रात्री दिवा चालू. फर्निचर हलवायचं नाही. जिन्याला, गच्चीच्या दाराला आणि अंगणातल्या हौदाला अडसर.

चालवताना मोठा टॉवेल किंवा जुनी ओढणी पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढे घालून दोन्ही टोकं वर धरा. तुम्ही पडणाऱ्या बाजूला उभे राहा आणि त्याला तुमच्या पायाला रेलू द्या. पट्टा गळ्यात नको, छातीचा हार्नेस घाला, गळ्याला हिसका बसला की डोकं फिरतं. दर ४ ते ६ तासांनी बाहेर न्या. बसल्या जागी लघवी झाली तर लगेच पुसून कोरडं करा, ओल्या कातडीला दोन दिवसांत फोड येतात. उठता येत नसेल तोवर दर ४ तासांनी कूस बदला, पण पाठीवरून पाय हवेत करून नाही. आधी पोटावर बसवा, अर्धं मिनिट थांबा, मग दुसऱ्या कुशीला. काही कुत्रे एका कुशीवर ठेवलं की घाबरून हातपाय झाडतात. त्यांना त्या कुशीला ठेवू नका, पोटावर बसवून दोन्हीकडून उशांचा टेकू द्या.

भूक असते, तोंड भांड्यात नेमकं जात नाही. हे ओळखलं नाही तर 'खाणं सोडलं' असा गैरसमज होतो. उलटी थांबल्यावर ४-६ तासांनी सुरुवात करा: मऊ भात आणि उकडलेलं चिकन, किंवा फोडणी न दिलेलं वरण-भात, कांदा-लसूण नको. लिंबाएवढे गोळे करून हातावरून भरवा. भांडं वापरायचं तर पाटावर किंवा छोट्या स्टुलावर, छातीच्या उंचीला. पाणी दिवसाला प्रतिकिलो ५० ते ६० मिलिलीटर, म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याला अन्नातल्या ओलाव्यासह दीड ते १.८ लिटर. एकदम नाही, दर दोन तासांनी १०० मिलिलीटर करत. कुशीवर पडलेल्याच्या तोंडात पिचकारीने पाणी सोडू नका, ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. २४ तासांत पाणी पोटात टिकलंच नाही तर सलाइन लागेल. कुत्रा इन्सुलिनवर असेल आणि जेवला नसेल तर नेहमीचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन.

डोळे थांबले की त्याला झोपवून ठेवू नका. दिवसातून चार-पाच वेळा, ५ मिनिटं, आधार देऊन चालवा. मेंदू तोल चालून चालून शिकतो, पडून नाही.

पुन्हा झालं तर

एक वही ठेवा. तारीख, वेळ, कुठला कान खाली, बुबुळांचा झटका कुठे, उलट्या किती, आधीच्या १५ दिवसांत दिलेली औषधं, कितव्या दिवशी एकटा चालला. तीन नोंदी झाल्या की ही वही बऱ्याच तपासण्यांपेक्षा जास्त बोलते.

झटके दर वेळी वेगळ्या बाजूला, मध्ये कित्येक महिने कुत्रा पूर्ण ठणठणीत: विनाकारण येणारा प्रकार असा परत येऊ शकतो. त्याच बाजूला आणि कानाला वास: संसर्ग उरलाय. दोन झटक्यांतलं अंतर कमी होत चाललंय, दर वेळी थोडं अपंगत्व मागे राहतंय, स्वभाव बदललाय, एकाच दिशेला गोल गोल फिरतोय, आयुष्यात पहिल्यांदा फिट आली: मेंदूचा स्कॅन आता टाळू नका. आणि कुत्रा कोसळला, दोन मिनिटांत उठून काही झालंच नाही असा चालू लागला, तर ते बहुधा तोलाचं प्रकरण नाहीच. हृदयामुळे येणारी मूर्च्छा किंवा फिट असण्याची शक्यता जास्त. इसीजी आणि छातीची तपासणी आधी करा.

एमआरआयसाठी नाशिकहून मुंबई किंवा पुण्याचा प्रवास धरून नियोजन करा. परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. स्कॅन नेमका कुठे आणि केव्हा होईल हे निघण्याआधी फोनवर पक्कं करा, आणि रक्ताचे रिपोर्ट, व्हिडिओ, वही पुढे पाठवा. स्कॅन पूर्ण भूल देऊन होतो, त्यामुळे किती तास उपाशी ठेवायचं ते त्यांनाच विचारा. आधीच गरगरणाऱ्या कुत्र्याला कसारा घाटाची वळणं फार जड जातात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आहे, तो धरला की घाट टळतो. मळमळीचं औषध निघण्याच्या तास-दोन तास आधी. त्याला मागच्या सीटवर नाही, सीटच्या खाली गोधड्यांनी भरलेल्या खाचेत ठेवा, डोकं प्रवासाच्या दिशेला, आणि एक माणूस शेजारी.

बरा झाल्यावरही मान थोडी कललेली राहू शकते, काहींची आयुष्यभर. त्याने त्याचं काही अडत नाही. फक्त मान झटकताना तो लडखडेल, अंधारात आणि पाण्यात गोंधळेल. म्हणून गोदाकाठी किंवा धरणावर मोकळा सोडू नका, आणि संध्याकाळच्या फेरीला हार्नेस ठेवा.